धुक्याच्या गावातली पाळणेकरीण

धुकं जिथं राहायला येतं आणि पाहुण्यासारखं लवकर जायचं नाव घेत नाही, अशा एका गावात एक पाळणेकरीण राहत होती.

गाव डोंगराच्या कुशीत होतं. पुढ्यात मोठं तळं. तळ्यातून धुकं उठायचं, बांधावरून चालत यायचं आणि घराघरांत शिरायचं. मग गोठ्यातली गाय नुसती घंटा होऊन जायची आणि झाडं नुसता पानांचा आवाज. स्वतःचा हात स्वतःला दिसला तर भाग्य. अशा वेळी माणसानं घरी यायचं कसं?

त्यासाठी त्या गावात एक रीत होती. मूल जन्मलं की बारशाला त्याच्यासाठी नवा पाळणा रचायचा. कुणासाठी कधीच न म्हटलेला. तो पाळण्याच्या फळीवर काजळानं लिहायचा आणि मग बाळाच्या कानात नाव सांगायचं. तो पाळणा त्या मुलाचा जन्मभराचा. धुकं उतरलं आणि घरातलं कुणी बाहेर असलं, की उरलेल्यांनी उंबऱ्यात उभं राहून त्याचा पाळणा म्हणायचा. रानातला माणूस कान द्यायचा. साऱ्या गावाचे आवाज एकमेकांत मिसळलेले असायचे, पण त्यातला आपला धागा बरोबर हाताला लागायचा. मिश्या पिकलेले म्हातारेसुद्धा आपल्या पाळण्याचं बोट धरून घरी यायचे.

हे पाळणे ती पाळणेकरीण रचायची. वयानं लहानच होती. गुरुजींच्या शाळेतून तिनं अर्ध्यातच काढता पाय घेतला होता, कारण गुरुजी कविता पाठ करून घ्यायचे आणि स्वतः करायला घेतली की छडी मारायचे.

तिचं काम बघणाऱ्याला काम वाटायचंच नाही. बाळ जन्मलं की ती त्या घरी जाऊन बाळंतिणीच्या खाटेशी बसायची. "डोहाळे कशाचे लागले होते गं? बाळ रडलं तेव्हा बाहेर कसला आवाज होता?" असलं काहीबाही विचारायची. मग बारशापर्यंत तळ्याकाठी खडकावर बसून राहायची. धुकं तिच्या पदरात, केसांत, पापण्यांवर. एखादा शब्द यायचा, कोकरासारखा जवळ येऊन हुंगायचा आणि पळून जायचा. ती हलायची नाही. कधी दोन दिवस एकच ओळ तोंडात घोळायची, आणि ओळ जमली की तळ्यावरचं धुकं किंचित उजळल्यासारखं तिला वाटायचं. त्या दिवसांत तिला दुसरं काही करता यायचं नाही. करायचं म्हटलं तर शब्द यायचेच नाहीत.

गाव म्हणायचं, "मजा आहे बाई हिची. बसून असते."

बारशाला पाळणा म्हटला गेला की बायका डोळे पुसायच्या, पुरुष "वाहवा!" म्हणायचे. न्हाव्याला धान्य मिळायचं, फुलवालीला पैसा मिळायचा, वाजंत्र्याला पोटभर जेवण आणि वर बिदागी. पाळणेकरणीला नारळ मिळायचा. पाटलाच्या घरचं बारसं असलं तर नारळावर शालही. शाल मात्र गावात एकच होती. सत्कार झाला की पाटलीणबाई ती हळूच काढून घ्यायच्या, घडी घालायच्या आणि पुन्हा पेटीत ठेवायच्या. आधीची म्हातारी पाळणेकरीण याच शालीत किती वेळा सजली असेल. ती उपाशी मेली. शाल अजून नवीच होती.

पाळणेकरीण मावशीकडे राहायची. मावशीचा तेलाचा घाणा होता. मावशी नारळ हातात घेऊन वाजवून बघायची आणि म्हणायची, "आणलास आणखी एक? चटणी झाली, सोलकढी झाली, आता काय नारळाच्या भाकऱ्या थापू?"

"लोकांना आवडला गं पाळणा. रडली बायका-माणसं."

"रडू दे की. रडून तरी चुलीला काय मिळालं? नाव झालं म्हणतेस, ते नाव भिजत घालू का रात्री? सकाळी मोड येतील."

पाळणेकरीण हसायची. पण त्या वर्षी तिला हसू येईना. लुगड्याला गाठी मारायला जागा उरली नव्हती आणि मावशीच्या ताटातला घास उचलताना तिचा हात अडखळायला लागला होता.

सुगी झाली. खळ्यावर धान्याची रास पडली. गावाच्या रीतीप्रमाणे कुंभार, लोहार, सुतार, न्हावी आपापली सुपं घेऊन रांगेत उभे राहिले. वर्षभर ज्यानं गावाचं काम केलं, त्याला राशीतून सूपभर धान्य. पाळणेकरीणही मावशीचं सूप घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली.

पाटलांनी मान तिरकी केली. "काय गं पोरी? मावशीनं पाठवलंय? तेलाचं धान्य तर गेलं मघाशी."

"मावशीचं नाही, पाटील. माझं. पाळण्यांचं."

खळ्यावर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "उद्या कोकिळा येईल सूप घेऊन!" परत हशा.

गुरुजी राशीपाशीच बसले होते. मांडीवर त्यांचं स्वतःचं सूप, शीग लावून भरलेलं. ते मायेनं म्हणाले, "बाळ, ही सरस्वतीची देणगी. ती विकायची नसते. कला ही साधना असते. तिला बाजार दाखवला की ती निघून जाते."

"तुमची विद्यापण सरस्वतीचीच ना, गुरुजी?"

"अर्थात."

"मग ती नाही गेली निघून, हे सूप बघून?"

गुरुजींचा चेहरा पडला. "ते वेगळं," ते म्हणाले. मोठ्या माणसांकडे उत्तर नसलं की ते वेगळं असतं. लहानपणापासून ऐकतो आपण.

पाटील समजुतीनं घ्यायला लागले. "हे बघ. कुंभार राबतो, लोहार राबतो. तू काय, बसून असतेस. शिवाय तुला आवडतं ते. आवडीच्या कामाचे कुणी दाम मागतं का? छंद आहे, छंद म्हणून कर. वाटलं तर पुन्हा सत्कार करू. पंचक्रोशीत नाव होईल."

कुंभारानं मान खाली घातली. त्याच्या पोरीचा पाळणा तिनंच रचला होता. पण त्याचं सूप अजून भरायचं होतं.

ती रिकामं सूप घेऊन घरी आली. मावशीनं ते घेऊन खुंटीला अडकवलं. म्हणाली, "उद्यापासून घाण्यावर ये. बैल हाकायला माणूस हवंय मला."

दुसऱ्या दिवसापासून ती बैलामागून गोल फिरू लागली. घाणा कुरकुरायचा, तीळ चिरडले जायचे, तेलाची धार लागायची. सुरुवातीला शब्द तिच्या मागोमाग यायचे आणि घाण्याच्या दाराशी ताटकळत उभे राहायचे. तिला आत गोल फिरताना बघायचे. ती मान वळवायची, तेवढ्यात बैल थांबायचा आणि मावशी ओरडायची. पुढं पुढं ते यायचे कमी झाले.

संध्याकाळी ती बैलाला पेंड घालायची. एकदा पेंड घालता घालता ती तशीच थांबली.

"काय झालं गं?" मावशीनं विचारलं.

"काही नाही. दिवसभर गोल फिरतो म्हणून याला पेंड मिळते. याला कुणी म्हणत नाही, तुला फिरायचा छंद आहे."

 त्या दिवशी मावशीनं पोरीच्या भाकरीवर तेलाची धार जरा जास्त धरली.

पुढं पाटलांना नातू झाला. पाटलीणबाई स्वतः घाण्यावर आल्या, नाकाला पदर लावून.

"अगं, काय हे हाल करून घेतलेस! बरं, ते जाऊ दे. बारसं जवळ आलंय. पाळणा कर छानसा."

"करते की, काकी. पण बारशापर्यंत मला घाण्यावर येता येणार नाही. तेवढ्या दिवसांची भाकरी द्या."

"अगोबाई! पाळण्याची मजुरी? घाणा झाला की संध्याकाळी कर की बसल्या बसल्या. चार ओळी तर लिहायच्या."

"संध्याकाळी माझ्यात बैल उरतो, काकी. पाळणेकरीण उरत नाही."

पाटलीणबाईंचं नाक पदराबाहेर आलं आणि लाल झालं. "राहू दे मग! आमच्या घराण्याला पाळण्यांचा दुष्काळ नाही. ह्यांच्या वेळचा आहे की. तोच म्हणू. घराण्याचा पाळणा!"

आणि खरंच, आधीच्या म्हाताऱ्या पाळणेकरणीनं कधीकाळी पाटलांसाठी रचलेला पाळणा नातवाच्या फळीवर लिहिला गेला:

उंच उंच घोडा, वर भरजरी झूल,
पाटलाच्या घरी उमललं फूल.

कंजूषपणाला परंपरा म्हटलं की तो लगेच शोभून दिसतो. सगळं गाव म्हणालं, काय थाट! पुढच्याच महिन्यात सुताराच्या घरी बारसं होतं. सुतार म्हणाला, "पाटलाच्या नातवाला चालतो तो पाळणा आपल्या पोराला का नको? मानाचा आहे, शिवाय फुकट." मग लोहारानं तोच घेतला. मग कुंभारानं धाकट्यासाठी. ज्यांच्या दारात कोंबडी नव्हती त्यांच्या पोरांच्या कानात भरजरी झुलीचे घोडे उधळू लागले. गुरुजींनी तर तो शाळेतच पाठ करून घेतला. "सर्वांचा एक पाळणा! याला म्हणतात एकोपा."

पाळणेकरीण गोल फिरत राहिली. त्या काळात गावात जी जी पोरं जन्मली, ती सगळी पाळण्यापुरती पाटील झाली.

ती पोरं चालायला लागली, पळायला लागली, बोरं खायच्या वयाची झाली. हिवाळ्यातल्या एका दुपारी ती सगळी चिमणी टोळी तळ्यापलीकडच्या बोरीखाली गेली. खिसे भरले, ओचे भरले. आणि तळ्यातून धुकं उठलं. त्या वर्षातलं सगळ्यात दाट, सगळ्यात पांढरं, दुधासारखं. आधी बोर गेली, मग डोंगर गेला, मग प्रत्येक पोर एकेकटं उरलं.

गावात आया उंबऱ्यात धावल्या. सुताराची बायको म्हणू लागली, उंच उंच घोडा. लोहाराची म्हणू लागली, उंच उंच घोडा. कुंभाराची, पाटलाची सून. सगळ्या दारांतून एकच पाळणा, एकाच चालीत, एकाच वेळी. फार सुंदर वाटलं ते ऐकायला. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

पोरांनी कान दिला. आवाज डावीकडून आला, पोरं डावीकडे पळाली. उजवीकडून आला, उजवीकडे वळली. घर सगळीकडे होतं, म्हणजे कुठंच नव्हतं.

आणि मग जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. तळं पाळणा म्हणू लागलं.

इतकी वर्षं शंभर पाळण्यांचा गलका पाण्यावर जाऊन आपटायचा आणि त्याची नुसती कुजबुज परत यायची. आता एकच गाणं साऱ्या दारांतून मिळून पाण्यावर गेलं आणि जसंच्या तसं माघारी आलं, घुमून, मोठं होऊन, आईच्या आवाजापेक्षा गोड होऊन. उंच उंच घोडा, वर भरजरी झूल. पोरांना वाटलं, घर सापडलं. धुक्यातून ती एकेक करून पाण्याकडे चालू लागली.

घाण्यावर पाळणेकरीण थबकली. तिनं तळ्याचा आवाज ओळखला. त्या तळ्याशी तिचं बसणं-उठणं होतं. बैल तसाच सोडून ती चौकात आली आणि जीव खाऊन ओरडली, "गप्प बसा! सगळे गप्प बसा!"

"काय बोलतेस तू हे?" पाटील गरजले. "पोरं बाहेर आहेत आणि—"

"तुम्ही सगळ्यात आधी गप्प बसा, पाटील. तुमचाच पाळणा त्यांना पाण्यात ओढतोय. ऐका!"

दारं गप्प झाली. तळं मात्र शेवटची ओळ एकट्यानं म्हणत होतं. 'उमललं फूल... फूल...' मग तेही थांबलं. 

ती कुंभारणीच्या दारात गेली. "पोराची खोड सांग एखादी. लवकर."

"खोड? अगं... ओल्या मडक्यात बोटं घालतो मेला. मार खातो त्याच्यासाठी रोज."

पाळणेकरणीनं डोळे मिटले. गेल्या कित्येक वर्षांत शब्दांना तिनं हाक मारली नव्हती. येतील का? दाराशी ताटकळून कंटाळून गेलेले ते? धुकं तिच्या पापण्यांवर येऊन बसलं, जुन्या ओळखीनं. आणि ते आले.

बोटाची खूण तुझी ओल्या मडक्यावर,
नाही रे मारत, ये माझ्या कडेवर.

"म्हण!" ती म्हणाली. कुंभारणीनं म्हटलं, रडत रडत, पुन्हा पुन्हा. धुक्यात दोन छोटी पावलं वळली. असं मडकं गावात एकाच घरी होतं. असा मार एकाच घरी मिळत होता. पोरगं आलं आणि आईच्या पोटात तोंड खुपसून उभं राहिलं.

मग सुताराचं दार. मग लोहाराचं. तिनं प्रत्येक दारात तेच विचारलं आणि प्रत्येक दारात दोन ओळी ठेवून ती पुढं पळाली. एकेक पोर परतत होतं. शेवटी पाटलाचं दार उरलं.

"नातवाचं काय सांगू?" पाटील म्हणाले. "सात पिढ्यांचं घराणं आमचं. आमचे पणजोबा—"

"पणजोबा नाही हरवले, पाटील. त्याला काय आवडतं?"

पाटलांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी पाटलीणबाईंकडे पाहिलं. तिघांनाही ठाऊक नव्हतं. पोरगं रोज त्यांच्या पाया पडायचं, त्यापलीकडे त्यांनी कधी त्याला पाहिलंच नव्हतं. मग मागून, माजघराच्या दाराआडून सून बोलली, सासऱ्यासमोर पहिल्यांदा. "आमची लंगडी शेळी आहे ना, तिचा कान मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही तो."

लंगड्या शेळीचा कान झाला गार,
धरायला ये बाळा, उघडं आहे दार.

सुनेनं सूर लावला. धुक्यात काहीच हललं नाही. तिनं पुन्हा म्हटलं. तिसऱ्या खेपेला, फार लांबून, पाण्याची चळकचळक ऐकू आली. आधी पाण्यातली पावलं, मग चिखलातली, मग मातीतली. कमरेपर्यंत भिजलेलं पोर दारात आलं, कुणाकडेही न बघता गोठ्यात गेलं आणि शेळीचा कान धरून खाली बसलं.

धुकं उठल्यावर पाटील आत गेले आणि पेटी उघडून शाल घेऊन आले. नारळही आणला. सवय जात नाही माणसाची.

"पोरी, तू आज गावावर उपकार केलेस. माग काय हवं ते."

"आजचं काही नको, पाटील. पोरं पाण्यात जात असताना केलेल्या कामाचं मी मागत नाही. पण पुढच्या बारशापासून खळ्यावर माझं सूप. कुंभाराच्या सुपाएवढं. आणि बारशापर्यंतच्या दिवसांची भाकरी."

गुरुजी खाकरले. गुरुजी खाकरल्याशिवाय राहतात होय! "द्यावं खुशाल. माझी काळजी वेगळीच आहे, बाळ. छंदाचा धंदा झाला की त्यातला आनंद जातो."

"गुरुजी, कुंभाराला चाकावर बसलेला बघा एकदा. गाणी म्हणतो तो माती थापताना. इतका आनंद होतो त्याला. तरी तुम्ही मडकं फुकट नेत नाही."

"नेतात की," कुंभार हळूच म्हणाला. या वेळी गावाचा हशा गुरुजींकडे वळला.

पुढच्या सुगीला पाटलांनी तिचं सूप भरलं आणि वरून हात फिरवून सपाट केलं. तेवढ्यात सून पुढं आली, राशीतून दोन ओंजळी उचलल्या आणि शीग लावली. 

पाळणेकरीण श्रीमंत झाली का? छे. ज्या महिन्यांत पाळणा हलत नसे त्या महिन्यांत ती घाण्यावर जायची आणि मावशीच्या शिव्या खायची. पण बाळ जन्मलं की बैल दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची आणि तळ्याकाठच्या खडकावर जाऊन बसायची. गावातून कुणीतरी शिदोरी आणून ठेवायचं आणि पाय न वाजवता परत जायचं. धुकं उतरलं की शंभर दारांतून शंभर पाळणे निघायचे, आणि तळं पुन्हा नुसतं कुजबुजायचं, झोपेत बोलल्यासारखं.

आणि शाल? ती या वेळी पेटीत परत गेली नाही. पाटलीणबाईंनी हात पुढं केला होता, पण मावशी तिथंच उभी होती. तिनं शाल खांद्यावर टाकली, घरी नेली आणि घाण्याच्या बैलाच्या पाठीवर पांघरली.

"घे रे बाबा," ती म्हणाली. "पेंड तर तुला मिळतेच. आता सत्कारपण झाला."

तात्पर्य, आणि हे घरातल्या मोठ्यांनी दोनदा वाचावं: ज्या कामाच्या आधारानं तुमची पोरं घरी परततात, त्याला छंद म्हणून फुकट नेऊ नका. करणाऱ्याला आनंद होतो, पण त्याला भूकही लागते.